बटण माझ्या खिशात होतं, मग मर्जी कुणाची?

काटेवाला_यवतमाळ · 3 मार्च 2025, रात्री 10:50

मंडळी, नमस्कार. मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यातला. आजोबांच्या काळापासून आमचं घर कॅथलिक. गावात आमची चारच घरं आहेत, चर्च नाही. फादर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी येतात आणि मोठ्या बाबांच्या ओसरीत मिस्सा, म्हणजे आमची उपासना, होते. परवा राखेचा बुधवार आहे, आमचा उपवासकाळ सुरू होतो. त्याच्या आत हे कुठंतरी लिहावं असं वाटलं.

कापसाच्या हंगामात मी खेडा खरेदीत काटा करतो. ज्यांना हे माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. व्यापाऱ्याची गाडी गावात येते, शाळेजवळच्या मोकळ्या जागेत काटा लागतो, कापूस तिथंच मोजून घेतात आणि पैसे रोख देतात. यंदा लांब धाग्याच्या कापसाला हमीभाव क्विंटलला 7,521 होता. पण सरकारी केंद्रावर सातबारा लागतो, नोंदणी लागते, ओलावा 12 टक्क्यांच्या वर गेला तर माल परत येतो, आणि पैसे खात्यात कधी पडतील ते पाहत बसावं लागतं. जो बटईनं वावर करतो त्याच्या नावावर सातबाराच नसतो. तो आमच्याकडे येतो आणि 6,800 ला देऊन मोकळा होतो.

दिवाळीनंतर मालकानं काटा कुठूनतरी दुरुस्त करून आणला. दुरुस्त हा त्याचा शब्द. सोबत एक बटण दिलं, मोटारसायकलच्या चावीएवढं, खिशात मावणारं. दाबलं की क्विंटलमागे दोन किलो कमी दिसतात. मालक समोर खुर्ची टाकून बसायचा. बटण माझ्या खिशात असायचं.

मी सप्टेंबरात त्याच्याकडून 40,000 उचल घेतली होती, बायकोच्या ऑपरेशनसाठी. महिन्याचे 9,000 ठरले होते, त्यातून 4,000 कापून घ्यायचा. पहिल्या दिवशी मी म्हटलं की मला हे जमणार नाही. तो म्हणाला, "उचल ठेव अन् जाय." बस, एवढंच बोलला, आवाजसुद्धा चढवला नाही.

डिसेंबरात गावाच्या शेवटच्या घरातली एक म्हातारी आली. दीड एकर बटईचं, मुलगा नाही. पाच चुंगड्या, म्हणजे पोती, होत्या. पहिली चुंगडी काट्यावर ठेवली तेव्हा 52 दिसले. मी खिशात हात घातला. 51. पाचही चुंगड्यांना तेच केलं. पाच किलो म्हणजे 340 रुपये. ती काट्याच्या खांबाला धरून उभी होती, आकडे तिला वाचता येत नाहीत. तिनं मला विचारलं, "बराबर हाय ना रे बाबू?" मी म्हटलं, "हाव काकू."

तेव्हापासून माझ्या डोक्यात जे चाललंय ते असं. बायको म्हणते, तुमचा काय इलाज होता. आई म्हणते, पोट हाय बापू, देव समजून घेते. शेजारचा म्हणतो, तिच्या नशिबातच नव्हते ते 340. सोबतचा हमाल म्हणतो, तू नाही दाबलं तर दुसरा दाबन. सगळे चांगल्या मनानं बोलतात.

जानेवारीत मी कन्फेशनला, म्हणजे फादरपुढं पाप कबूल करायला, गेलो. सगळं सांगितलं. फादरनी एकच प्रश्न विचारला, "तुला दुसरं काही करता आलं असतं का?" मी म्हटलं, "नाही फादर." ते थोडा वेळ गप्प राहिले. मग पापक्षमा दिली, प्रार्थना सांगितली, मी घरी आलो. पण त्या रात्री झोप लागली नाही आणि अजूनही नीट लागत नाही.

माझं म्हणणं नीट मांडता येतं का पाहतो. दुसरं काहीच करता येत नव्हतं असं धरलं, तर त्या काट्यापाशी मी नव्हतोच. उचल होती, मालक होता, बटण होतं, आणि एक बोट होतं. मग माफी कुणाला मिळाली? काट्याला कुणी माफ करतं का? लोक मला दोषातून सोडवतात तेव्हा मला बरं वाटायला पाहिजे, पण वाटतं की हे मला माणसातूनच उठवतायत. मला दोषी म्हटलं तरी चालेल. पण माणूस धरून म्हणा.

आणि दुसरं. देवाला सगळं आधीच माहीत असतं असं लहानपणापासून शिकलो. म्हणजे मी दाबणार हे त्याला माझ्या जन्माआधीच माहीत होतं. मग मी वेगळं काय करणार होतो? हे शेजाऱ्याच्या नशिबापेक्षा वेगळं कसं?

ज्यांचं धर्मशिक्षण नीट झालंय त्यांनी सांगावं. फक्त समजूत घालू नका. ती घरी रोज घातली जाते.

परतवाड्याची_बाई · 4 मार्च, सकाळी 6:15

समजूत घालणार नाही. शाळेत 34 वर्षं शिकवलं, त्यातली बरीच वर्षं रविवारचा धर्मशिक्षणाचा वर्गही घेतला. तेव्हा वर्गात बोलायची तशीच बोलते, राग मानू नकोस.

आधी स्वातंत्र्य म्हणजे काय ते पाहू. पोप जॉन पॉल दुसरे यांच्या काळात, 1992 साली, कॅथलिक ख्रिस्तसभेचा धर्मशिक्षणग्रंथ निघाला. त्यातल्या 1731 क्रमांकाच्या परिच्छेदाचा अर्थ असा आहे: स्वातंत्र्य ही बुद्धीत आणि इच्छाशक्तीत रुजलेली ताकद आहे, करण्याची किंवा न करण्याची, हे करण्याची किंवा ते करण्याची. तुझ्या काट्यावर आणून ठेवलं तर दाबणं किंवा न दाबणं. बघ, त्यात कुठंही असं नाही की दोन्ही वाटा सारख्या सोप्या असल्या पाहिजेत. लोक स्वातंत्र्य म्हणजे मोकळीक समजतात. मोकळीक तुला नव्हती, हे मीही मान्य करते.

पुढं 1735 मध्ये तुझ्या उचलीचा विचार झालेला आहे. अज्ञान, अनवधान, जबरदस्ती, भीती, सवय, कशात तरी अति गुंतलेला जीव, मनाची किंवा समाजाची इतर कारणं, यांमुळे माणसाची जबाबदारी कमी होऊ शकते, कधी पूर्ण नाहीशीही होऊ शकते. "होऊ शकते" म्हटलंय. "होते" असं म्हटलेलं नाही. एवढ्या फरकावर मी वर्गात अख्खा तास घालवत असे, कारण घरोघरी हा फरकच खाल्ला जातो. कुणी म्हणतं, पाप ते पाप, कारण सांगू नका. कुणी म्हणतं, कारण आहे ना, मग पाप कसलं. ख्रिस्तसभा दोघांनाही थांबवते आणि म्हणते, किती भीती होती, किती समजत होतं, किती मनानं केलं, ते बघा. गंभीर पापाला तीन गोष्टी लागतात: बाब गंभीर असणं, पूर्ण जाणीव असणं, आणि जाणूनबुजून दिलेली संमती. गरीब विधवेच्या मापात मारणं ही हलकी बाब नाही. आमोस संदेष्टा इसवी सनापूर्वी आठव्या शतकात याच लोकांवर कडाडला होता, जे शब्बाथ कधी संपतो आणि लहान माप, खोटा तराजू घेऊन कधी बसतो याची वाट पाहत. आमोस स्वतः गुरंराख्या होता, त्याला बाजार माहीत होता. जाणीव तुला पूर्ण होती. राहिली संमती. तुझी सगळी घालमेल तिथंच आहे.

संत थॉमस अक्वायनस तेराव्या शतकातले धर्मपंडित. भीतीनं केलेलं काम स्वेच्छेनं केलेलं म्हणायचं का, हा प्रश्न त्यांनी घेतलाय आणि उदाहरण अॅरिस्टॉटलच्या वेळेपासूनचं वापरलंय: वादळात सापडलेल्या जहाजातून माल समुद्रात फेकणं. एरवी कुणी फेकणार नाही. पण त्या घडीला, त्या वादळात, फेकणारा स्वतःच फेकतो. थॉमस म्हणतात, असं काम मिश्र असतं, पण त्या वेळी त्या जागी ते स्वेच्छेचंच असतं. कुणीतरी तुझा हात धरून बटणावर दाबला असता तर गोष्ट वेगळी होती. तुझा हात तूच नेलास. आणि माझं एक स्वतःचं म्हणणं जोडते. जहाजावरचा माल फेकला तर ज्याचा माल त्याचाही जीव वाचतो. तुझ्या बटणानं म्हातारीचं काहीच वाचलं नाही.

म्हणून तुला दोन प्रश्न. उत्तर इथं दिलं नाहीस तरी चालेल, स्वतःला दे. पूर्ण हंगामात असं एकदा तरी झालं का, की मालक समोर खुर्चीवर होता, काटा चालू होता, बटण तुझ्या खिशात होतं, आणि तू दाबलं नाहीस? आणि "हाव काकू" हे मालकानं म्हणायला सांगितलं होतं का?

काटेवाला_यवतमाळ · 4 मार्च, रात्री 11:30

बाई, तुमचा प्रश्न सकाळी वाचला आणि दिवसभर हातातलं काम सुचलं नाही.

हो. झालं. वही काढून आठवलं, सात वेळा.

तीनदा माझ्या मावशीचा माल होता, शेजारच्या गावची. तीनदा शाळेतल्या सोबत्यांचा. एकदा पोलीस पाटलाचा, त्याला कळलं तर काय होईल या धाकानं. म्हणजे भीतीनं दाबलं तसं भीतीनं एकदा दाबलं नाही, हेही आता लिहिताना कळलं.

मावशीच्या वेळेचं सांगतो. मालक चार हातांवर चहा पीत होता. माझा हात खिशात होता, बोट बटणावर होतं. दाबलं नाही. काट्यानं खरं वजन दाखवलं, मी खरं लिहिलं, तिला खरे पैसे मिळाले. मालकाला कळलंच नाही. काही म्हणजे काहीच झालं नाही. त्याच्या दुसऱ्याच दिवशी म्हातारी आली.

आणि "हाव काकू" कुणी सांगितलं नव्हतं. मी नुसती मान हलवली असती, काही न बोलता चिठ्ठी फाडून दिली असती, तरी चाललं असतं.

म्हणजे मी फादरना खोटं बोललो.

धुऱ्यावरचा · 5 मार्च, दुपारी 1:20

भाऊ, मी तुमच्या धर्माचा नाही, गळ्यात माळ आहे. पण मी त्या बाजूचा आहे ज्याचा कापूस मोजल्या जाते, म्हणून लिहून रायलो.

तुमाले वाटते का आमाले समजत नाही? मी घरच्या काट्यावर मोजून नेतो. किती गेलं हे मले गाडीपाशीच समजते. तरी देतो. काहून? पोरीची फी भरायची असते, कृषी केंद्राची उधारी असते, अन् कापूस घरात ठेवला तर उंदीर अन् आगीचा घोर. मंग मी बी घरी येऊन तेच म्हणतो जे तुमी फादरले म्हटलं. काय करता, इलाज नव्हता. पण मागच्या साली आमी पाच जणांनी मिळून एक टेम्पो केला अन् कापूस सरकारी केंद्रावर नेला. दोन दिवस रांगेत झोपलो. इलाज होता. तरास होता म्हणून मी त्याले "नाही" म्हणत होतो.

आता नशिबाचं. आमच्यातबी म्हणते लोक, संचित हाय, लिहिलेलं हाय. मी पन्नाशी पार केली, नशीब काय असते ते मले माहीत आहे. ऐन बोंड फुटाच्या टायमाले पाणी आला, त्याले मी नशीब म्हणतो. गुलाबी बोंडअळी आली, अर्धं नशीब अर्धी आमची चूक, वेळेवर पऱ्हाटी उपटली नाही. पण बटणाले नशीब म्हणान तर मी भांडन. माह्या आज्याची सात एकर होती, शेजाऱ्याची वीस. शेजारी मेला, पोरं नागपूरले, वावर पाहाले कोणी नाही. दरसाल नांगराचा एक तास धुरा, म्हंजे बांध, कोरला असता तर कोणाले समजलं नसतं. आज्यानं नाही कोरला. अन् त्यानं नाही कोरला हे नशीब नव्हतं, तो रोज सकाळी वखर घेऊन तिथं उभा राहत होता.

काकूचे पैसे द्या. देवाचं तुमचं तुमी पाहा, पण ते 340 द्या.

पांदणीनं_घरी · 5 मार्च, रात्री 9:05

मी वर्धा जिल्ह्यातला. आमच्याकडे दारूबंदी आहे, तरी मला 11 वर्षं रोज मिळाली. आता सुटून 9 वर्षं होतील. मीही कॅथलिक आहे, म्हणून बाईंनी सांगितलेल्या 1735 मधला "सवय" हा शब्द मला माझा वाटतो.

तुम्ही सात वेळा दाबलं नाही हे वाचून एक सांगावंसं वाटलं. पिणाऱ्याला सगळे विचारतात, ग्लास समोर असताना नाही का म्हणता येत? खरं सांगतो, नाही येत. तिसऱ्या ग्लासाला माझी मर्जी उरलेलीच नसायची. पण संध्याकाळी सहा वाजता, कामावरून निघताना, दोन रस्ते असायचे. डांबरी रस्ता त्या झोपडीवरून जायचा. दुसरी पांदण, चिखलाची, पाऊण तास जास्त लागायचा. माझी मर्जी त्या फाट्यावर होती. तिथं ती किती का लहान होती, पण होती. मी पांदणीनं जायला लागलो. पहिले काही महिने फक्त एवढंच केलं. मला तपासणाऱ्या फादरनी, म्हणजे ज्यांच्याकडे मी नियमानं कन्फेशनला जायचो त्यांनी, मला "पिऊ नकोस" असं म्हणणं सोडून दिलं होतं. ते विचारायचे, "आज कोणत्या रस्त्यानं आलास?"

त्याच ग्रंथात 1734 मध्ये आहे की सद्गुणांत वाढ, चांगल्याची ओळख आणि स्वतःला लावलेली शिस्त यांनी माणसाचा आपल्या इच्छेवरचा ताबा वाढतो. मी ते वाचलं तेव्हा मला पांदण आठवली. स्वातंत्र्य एकदाच मिळून पेटीत ठेवलेलं नसतं, ते वापरलं नाही की आखडतं. तुमचं बोट काट्यापाशी किती मोकळं होतं हे मी सांगू शकत नाही. पण उद्या सकाळी कामावर निघताना तुमचा फाटा कुठं आहे, ते शोधा. आणि उचल घेण्याच्या दिवशीही एक फाटा होता का, तेही. बायकोच्या ऑपरेशनसाठी घेतली, त्यात मी तुम्हाला बोल लावत नाही. फक्त पुढच्या वेळेसाठी.

सेमिनरीतला · 6 मार्च, सकाळी 5:40

नागपूरला, सेमिनरी हिल्सवर राहून फादर होण्याचं शिक्षण घेतो. अजून विद्यार्थी आहे, तेव्हा चुकलो तर बाईंनी दुरुस्त करावं. देवाला आधीच माहीत होतं, या तुमच्या प्रश्नाकडे कुणी वळलं नाही म्हणून लिहितो.

तुम्ही कधी ज्वारीच्या वावरात माळ्यावर बसला असाल. वरून रस्ता पूर्ण दिसतो. खालून चालणाऱ्या बैलगाडीवाल्याला पुढची गाडी दिसत नाही, मागची दिसत नाही. माळ्यावरच्याला तिन्ही एकदम दिसतात. तो पाहतो म्हणून गाडीवाला डावीकडे वळत नाही. गाडीवाला वळतो, म्हणून त्याला वळताना दिसतो. संत थॉमस यांनी उंचावरून रस्ता पाहणाऱ्याचं उदाहरण याच कामी घेतलंय, आणि त्यांच्याआधी सहाव्या शतकात, तुरुंगात मरणाची वाट पाहत असलेल्या बोएथियस या तत्त्वज्ञानंही असंच मांडलं होतं: देव आधी बघून ठेवत नाही, कारण त्याला आधी आणि नंतर नाही. त्याला सगळं आत्ता दिसतं. तुम्ही दाबताना त्याला दिसलात, आणि मावशीच्या वेळी न दाबताना दिसलात. दोन्ही तुम्हीच केलंत, म्हणूनच तसे दिसलात. शेजाऱ्याचं नशीब आधी लिहितं आणि मग माणसाकडून करून घेतं. फरक इथं आहे.

याच्यापुढे अवघड आहे, ते लपवत नाही. देवाची कृपा माणसाला हलवते आणि तरी माणूस मोकळा राहतो, हे कसं? कॅथलिक विद्वान इरॅस्मस आणि प्रोटेस्टंट सुधारणेचे ल्यूथर यांच्यात 1524 आणि 1525 साली यावरच ग्रंथांची लढाई झाली. ल्यूथरचं म्हणणं, तारणाच्या बाबतीत माणसाची इच्छा बांधलेली आहे. कॅथलिक सभेच्या ट्रेंट इथल्या परिषदेनं 1547 मध्ये सांगितलं की आदामाच्या पापानं स्वेच्छा दुबळी झाली, वाकली, पण विझली नाही. आणि देव हलवतो तेव्हा माणूस निर्जीव वस्तूसारखा पडून राहत नाही, होकार देऊन साथ करतो, नकारही देऊ शकतो. निर्जीव वस्तू! तुम्ही विचारलं होतं ना, काट्याला कुणी माफ करतं का. परिषदेनं जवळजवळ तेच उत्तर दिलंय, तुम्ही काटा नाही. पण कृपा आणि इच्छा नेमक्या कशा जुळतात यावर नंतर डॉमिनिकन आणि जेझुइट या दोन धर्मसंघांतली मंडळी इतकी भांडली की 1607 मध्ये पोप पॉल पाचवे यांनी निकाल न देता दोघांनाही एकमेकांना पाखंडी म्हणायची मनाई केली. आजही तो निकाल लागलेला नाही. मला ते आवडतं. जे कळलेलं नाही ते कळलंय असं कुणी म्हटलं नाही.

आणि तुमच्या "मी फादरना खोटं बोललो" याबद्दल. तेव्हा तुम्हाला खरोखरच तसं वाटत होतं का? वाटत असेल तर ते खोटं नव्हतं, आंधळेपण होतं, आणि पापक्षमा खरीच आहे. जे आता दिसलं ते पुढच्या वेळी सांगा. संत ऑगस्टिन यांनी सोळाव्या वर्षी शेजाऱ्याच्या झाडाची नासपती चोरली, भूक नसताना, आणि पुढे डुकरांना टाकली. त्या एका चोरीवर ते मोठेपणी बिशप झाल्यावर पानंच्या पानं लिहितात. त्यांना कुणी तरी म्हणालं असतं की पोरवयात होतं असं, सोडा, तर आपल्याला ती पानं मिळाली नसती.

परतवाड्याची_बाई · 6 मार्च, संध्याकाळी 7:00

बाळा सेमिनरीतल्या, दुरुस्त करायला काही नाही, चांगलं लिहिलंस.

काटेवाल्या भाऊ, धुऱ्यावरच्या दादांनी 340 चं म्हटलं ते त्यांच्या मनानं म्हटलं, पण तीच सभेची शिकवण आहे. त्याच धर्मशिक्षणग्रंथातला 2412 क्रमांक. चोरलेलं परत करणं न्यायाला धरून आहे, आणि चोरीत ज्यानं कोणत्याही प्रकारे भाग घेतला त्यानंही आपल्या जबाबदारीच्या आणि वाट्याच्या प्रमाणात भरपाई करायची. प्रमाणात, हे नीट वाच. मालकाचं सगळं तुझ्या डोक्यावर नाही. पण शून्यही नाही. ते प्रमाण ठरवताना तुझी उचल, तुझी भीती सगळं मोजायचं, आणि ते फादरसोबत बसून कर, एकट्यानं रात्री नको. तू एकट्यानं मोजशील तर सगळंच स्वतःवर घेशील. तेही खरं माप नव्हे.

काटेवाला_यवतमाळ · 10 मार्च, रात्री 10:10

काल दुसरा रविवार होता, फादर आले. उपवासकाळाचा पहिला रविवार म्हणून वाळवंटातल्या परीक्षेचं शुभवर्तमान होतं. चाळीस दिवसांची भूक लागली असताना सैतान म्हणतो, या धोंड्याची भाकर कर. मोठ्या बाबांच्या ओसरीत मी आईच्या बाजूला बसलो होतो. "पोट हाय" हे तिचंच वाक्य, तिला आठवलं की नाही माहीत नाही. मला आठवलं.

मिस्सेनंतर लिंबाखाली खाटेवर बसून मी फादरना म्हटलं, "तेव्हा 'नाही' म्हटलं होतं ना, ते खरं नव्हतं. करता आलं असतं. सात वेळा केलं." ते म्हणाले, "मला तेव्हाच वाटलं होतं, पण ते तुला दिसायला हवं होतं." मग आम्ही वही काढून बसलो. दाबून मोजलेला माल साधारण 400 क्विंटल निघतो, म्हणजे आठशे किलो, म्हणजे 54,000 च्या वर. यातला रुपयाही माझ्या खिशात आला नाही, पण ज्या मजुरीवर घर चाललं ती त्याच कामाची होती. माझा वाटा किती, यावर तासभर बोललो. आकडा इथं लिहीत नाही. एका वर्षात फिटण्यासारखा आहे, आणि सुरुवात ज्यांना जास्त लागतं त्यांच्यापासून करायची असं ठरलं.

म्हातारीकडे मी त्याच्या आधीच, गुरुवारी गेलो होतो. धुऱ्यावरच्या दादांचं वाचून थांबवलं नाही. ती अंगणात तुरीचा भुसा पाखडत होती. मी 340 रुपये पुढं केले. "कायचे रे बाबू?" मी सगळं सांगितलं, बटणाचंही. तिनं नोटा दोनदा मोजल्या. मग म्हणाली, "मले वाटलंच होतं. ते पाचवं चुंगडं लय जड होतं, उचलून रायलो तं माह्या कंबरेले समजलं." आणि थोडं थांबून, "मंग मी इचारलं तवा 'हाव' काहून म्हटलं रे?"

मी तिला म्हटलं, "म्हणावंसं वाटलं म्हणून म्हटलं, काकू." आधी तोंडाशी आलं होतं की मालक समोर होता. ते गिळलं. ती काही बोलली नाही. सूप खाली ठेवून आत गेली आणि पाण्याचा तांब्या घेऊन आली.

पांदणीवाले भाऊ, फाटा सापडला. शनिवारी बटण मालकाच्या हातात दिलं. तो एवढंच म्हणाला की उरलेले 24,000 महिनाअखेर पाहिजेत. कसे उभे करायचे ते अजून जमलेलं नाही. मोठे बाबा थोडे देतो म्हणाले. उद्यापासून बायको आणि मी दोघंही हरभरा काढायला जातोय, वावर शेजारच्याच गावचं आहे. मावशीला अजून सांगायचं आहे की तिचं माप का बरोबर आलं होतं. वहीत 62 घरं राहिली.